‘अर्ज दिलाय’ म्हणजे गुन्हा दाखल झालेला नाही, वहिनी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या गावातून एका वहिनीने लिहिलंय. तिची नणंद चोवीस वर्षांची, कोळंबी सोलायच्या शेडवर कामाला. अकरा दिवसांपूर्वी मुकादमाने हिशेबाच्या निमित्ताने तिला मागच्या खोलीत बोलावलं आणि जबरदस्ती केली. त्या रात्री मोरीवर भांडी घासताना तिने वहिनीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. अकरापासून तीनपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. ठाणे अंमलदार म्हणाले, “साहेब बंदोबस्ताला गेलेत, अर्ज लिहून द्या, चौकशी करून बघतो.” महिला पोलीस नव्हती. कुणीतरी विचारलं, “शेडवर इतक्या बायका, मग तुलाच कसं बोलावलंन?” अर्ज दिला, शिक्का मिळाला नाही. आता वाडीतली दोन जाणती माणसं दोन लाखांचा निरोप घेऊन आली आहेत : गणपतीच्या आधी मिटवा, नाहीतर तुमच्या घरी आरतीला कुणी यायचं नाही. सासरे घ्या म्हणतात. नवरा मुंबईला, तो म्हणतो मी गणपतीला येतो, मग बघू. नणंद काहीच बोलत नाही. “मी तिला ठाण्यात नेलं हेच चुकलं का? आणि आता करू काय?”

प्रिय वहिनी,

तुम्ही पत्राखाली नाव घातलं नाहीत, मीही वहिनीच म्हणते. गावाचं आणि शेडचं नाव तुम्ही लिहिलं होतंत, ते मी काढून टाकलं. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्याच्या) कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाडीच्या ग्रुपवर तिचं नाव कुणी टाकलं तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि हे कलम त्याला ऐकवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तो तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. नाही, तुमचं चुकलेलं नाही. तिने आईला सांगितलं नाही, मैत्रिणीला नाही, तुम्हाला सांगितलं. तुम्ही भांडी टाकून तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसलात आणि “तू काय केलंस” असं विचारलं नाहीत. हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्या लेखी सगळ्या पत्रात मोलाची ओळ तीच. ठाण्यात जे झालं ते ठाण्यातल्या माणसांनी केलं. त्याचा भार तुम्ही उचलू नका आणि तिलाही उचलू देऊ नका.

आता ठाण्यात नक्की काय झालं ते समजून घ्या. तुम्ही लिहिता, “तक्रार दिली आहे.” वहिनी, तक्रार दिलेली नाही. अर्ज दिलाय. आपल्याकडे ठाण्यात कागद हातात पडला की माणूस समजतो गुन्हा नोंदला गेला. तसं नसतं. गुन्हा दाखल होतो तेव्हा त्याला नंबर पडतो, त्यावर कलम लिहिलेलं असतं, आणि एफआयआरची प्रत तिला फुकट द्यावी लागते. तुमच्याकडे नंबर नाही, प्रत नाही, अर्जावर शिक्कासुद्धा नाही. म्हणजे कागदोपत्री तुम्ही त्या दिवशी ठाण्यात गेलाच नाहीत. चार तास बाकावर बसून बाई कागदावरून पुसली गेली. मला राग येतो तो ह्याचा.

‘चौकशी करून बघतो’ हे उत्तर बलात्काराच्या बाबतीत कायद्यात बसत नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामकाजाचा नवा कायदा, लागू झाली. तिच्यात आधी चौदा दिवस चौकशी करायची मुभा आहे, पण ती तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. बलात्काराला कमीत कमी शिक्षाच दहा वर्षं आहे. तिथे चौकशी आधी नाही. गुन्हा आधी, तपास मग. साहेब बंदोबस्ताला गेले म्हणून ठाणं बंद होत नाही. आणि तिचा जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा दुसऱ्या एखाद्या महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. ठाण्यात कुणी नसेल तर बोलावून आणायची जबाबदारी त्यांची.

अशा गुन्ह्याची माहिती नोंदवून न घेणं हा त्या पोलिसाचा स्वतःचा गुन्हा आहे. न्याय संहितेचं कलम १९९ : कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. त्याच्यावर हा खटला चालवायला सरकारची आधी परवानगीही लागत नाही. हे ऐकून ठाण्यात जाऊन भांडा, असं मी म्हणत नाही. पण हात जोडून उपकार मागायला आपण जात नाही एवढं मनात पक्कं असू द्या. तुमच्या चालण्याबोलण्यातच ते दिसेल.

पुढचं सगळं मात्र तिच्या ‘हो’ वर आहे. ती सज्ञान आहे. (अठराच्या आतली मुलगी असती तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं आपल्यावर बंधनकारकच असतं.) तुम्ही लिहिलंत, ती बोलत नाही, घरातही कोळंबी सोलत बसते, बोटं सोलून निघाली तरी थांबत नाही. सासूबाई म्हणतात, बरी आहे, कामाला लागली. वहिनी, ती बरी नाही. हात चालू आहेत तोवर डोकं गप्प राहतं, म्हणून ती सोलते आहे. तिच्या हातातली टोपली ओढून घेऊ नका. शेजारी बसून तुम्हीही सोला. विचारायचं ते छोटं आणि तिला ठरवता येईल असं विचारा : “दार उघडं ठेवू की लोटू?” “आज माझ्याकडे झोपतेस?” त्या खोलीत तिच्या हातून सगळं ठरवणं काढून घेतलं गेलं. सासरे दोन लाख ठरवतात, वाडी आरती ठरवते, नवरा गणपतीची तारीख ठरवतो. तुम्ही आणि मी मिळून तिच्या वतीने न्याय ठरवला तर आपणही त्याच रांगेत बसलो. ती आज नको म्हणाली तर आज नको. ह्या गुन्ह्याला मुदत नाही, आणि उशीर झाला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. १९९६ मध्ये गुरमित सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं : घराण्याच्या अब्रूच्या भीतीने उशीर होतो हे समजून घ्या, आणि तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसरा पुरावा नसला तरी चालतो. तिला हे सांगा, पण घाईला लावायला नको, मन हलकं व्हावं म्हणून.

दवाखाना मात्र तिने गुन्ह्याचं काहीही ठरवलं तरी गाठा, फक्त तिला विचारून. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाला तिच्यावर तातडीने आणि फुकट उपचार करावे लागतात. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणता येत नाही. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, हे तिला जायच्या आधीच सांगा. तिथे जाऊन कळलं तर तुमच्यावरचाही विश्वास उडेल. अकरा दिवस झाले म्हणजे गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीची औषधं सुरू करायची वेळ गेली. एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत लागतात; गोळीही शक्यतो तेवढ्यातच, फार तर पाच दिवसांत. इतर वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण गर्भ राहिलाय का, काही संसर्ग झालाय का, हे आताही बघता येतं. तपासणी तिच्या संमतीनेच होईल, आणि ‘दोन बोटांची चाचणी’ (बाई शरीरसंबंधाला सरावलेली आहे का हे बघायची जुनी पद्धत) कुणी करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी चुकीची ठरवली, आणि २०२२ मध्ये सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाला जबाबदार.

कपडे सासूबाईंनी धुतले म्हणून तुम्ही कळवळून लिहिलंत. त्यांना बोलू नका. आईने लेकीचे मळलेले कपडे धुतले, एवढंच त्या जाणतात. धुतलेले असले तरी ते ठेवा; सावलीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आपल्या पावसात पिशवीत दोन दिवसांत बुरशी धरते. तिचा फोनही जपा. मुकादमाचे कॉल, मेसेज, हिशेबाला ये म्हणून आलेला निरोप, काही पुसू नका.

आणि एक वही करा. तुमच्या पत्रातला दुसरा परिच्छेद आहे तसा तिच्यात उतरवा. तुम्ही जे मला कळवळून लिहिलंत, त्यात तारीख आहे, वार आहे, अकरा ते तीन ही वेळ आहे, अंमलदार काय म्हणाले तो शब्दन् शब्द आहे. तोच पोलीस अधीक्षकांना द्यायच्या अर्जाचा अर्धा मजकूर आहे. तुम्ही साक्षीदारही आहात : तिने पहिल्यांदा सांगितलं ते तुम्हाला, आणि ठाण्यात बसवून ठेवलं ते तुमच्यासमोर.

ठाण्याने नोंद घेतली नाही तर तक्रारीचा मजकूर लेखी, पोस्टाने, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, हा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहून ठेवलाय. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीला टाचा, एक प्रत स्वतः नेऊन आवक शिक्का घ्या. तिच्या सहीने तिची तक्रार. तुमच्या सहीने वेगळ्या कागदावर त्या चार तासांची हकिकत. त्यात हे वाक्य न चुकता घाला : ‘अमुक तारखेचं सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं.’ प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवा आणि चित्रण दीड वर्ष, ते शक्य नसेल तिथे निदान एक वर्ष ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. तुम्ही ठाण्यात आलाच नव्हतात असं कुणी म्हणालं तर त्या बाकावर बसलेल्या तुम्ही दोघी त्यात दिसाल. अधीक्षकांकडूनही हाललं नाही तर तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, ते पोलिसांना तपासाचा आदेश देऊ शकतात. त्या पोलिसांच्या वागण्याची तक्रार वेगळी, ती मुंबईच्या राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. पण आधी गुन्हा नोंदू द्या; एका वेळी एकच दार.

कागदाने काय होतं असं सासरे म्हणतील. १९७२ मध्ये विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. तिने विरोध केल्याच्या खुणा नाहीत म्हणाले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मथुराला स्वतःला न्याय मिळाला नाही, हे मी लपवत नाही. पण आज तुमची नणंद ज्या कलमांच्या आधाराने उभी राहील, त्यांची वाट तिथून सुरू होते.

मुंबईचा मार्गही आहे. नवऱ्याच्या खोलीवर जाऊन तिथल्या ठाण्यात तक्रार दिली तर ती घ्यावीच लागते, हद्दीचं कारण सांगता येत नाही. तिला झिरो एफआयआर म्हणतात. वाडीच्या डोळ्यांपासून लांब तिला बरं वाटत असेल तर जरूर जा. पण तपास शेवटी गावच्याच ठाण्याकडे येतो, म्हणून अधीक्षकांना अर्ज तेव्हाही करायचाच. त्यातच तपास महिला अधिकाऱ्याकडे द्यावा अशी मागणी करा. आणि नवऱ्याला फोनवर सांगा की गणपतीची रजा आत्ता काढा. बहीण आत्ता गप्प बसली आहे, चतुर्थीला नाही.

वाडीचं. मी पण वाडीतच वाढले. आरतीला घरी कुणी न येणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला नाही कळायचं : झांजा पलीकडच्या घरात वाजतात आणि आपल्या पडवीत घातलेली सतरंजी रिकामी राहते. पण तिच्या न्यायासाठी दोन दिवस सतरंजी रिकामी राहिली तर देव कोपणार नाही. वाळीत टाकणं, तशी धमकी देणं, त्यासाठी बैठक घेणं, याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केलाय : तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. रायगडपासून खाली आपल्या किनाऱ्यावर किती घरांनी हे भोगलं, म्हणून तर तो आला. त्या दोघा जाणत्यांना चहा द्या आणि हे सांगा. दोन लाखांचं म्हणाल तर बलात्कार मिटवता येणारा गुन्हा नाही. तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय. सासऱ्यांना पैशाची काळजी असेल, ती खोटी नाही, शेडवरची मजुरी बंद झाली. त्यांना मनोधैर्य योजनेचं सांगा. गुन्हा नोंदला की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, पैशाची मदत आणि समुपदेशन दोन्ही मिळतं. वकीलही तिथेच, बाईला फुकट, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००. रात्री-अपरात्री कुणी दारात आलं तर ११२, आणि महिलांसाठीची हेल्पलाइन १८१.

एक गोष्ट माझ्या पदरची सांगते, कारण ती मला वीसेक वर्षं सोडत नाही. किनाऱ्यावरच्याच एका ठाण्यात मी शेजारच्या मुलीबरोबर गेले होते. ती आपल्या बोलीत सांगत होती, “त्यानं माझा हात धरलान नि वढत नेलान.” लिहिणारा लिहीत होता ती पोलिसी मराठी. पानं झाली चार. तो म्हणाला, सही करा. बाहेर पाऊस, शेवटची एसटी साडेसहाची, सव्वासहा झालेले. मीच म्हटलं, कर गं सही, गाडी जाईल. तिने केली. कोर्टात आरोपीच्या वकिलाने तो जबाब वाचला : ‘मी त्याच्यासोबत खोलीत गेले.’ सोबत गेले. तीनदा वाचलं त्याने ते. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही.

म्हणून, वहिनी, जबाब वाचून दाखवायचा असतो, तो वाचून घ्या. स्वतः वाचा, मोठ्याने, तिला ऐकू येईल असा. ती ‘वढत नेलान’ म्हणाली असेल तर कागदावर ओढत नेलं असंच हवं. चुकलं असेल तर दुरुस्त करून त्याशेजारी सही. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब होईल, शक्यतो महिला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. तिथेही तिला तिच्याच बोलीत बोलू द्या. ती अडली की तुमच्या तोंडावर शब्द येईल. तो गिळा. थांबली तर थांबू द्या, रडली तर पाणी द्या, वाक्य तिचं तिला पुरं करू द्या. तपास दोन महिन्यांत पुरा व्हायला हवा, आणि तपास कुठवर आला हे तिला ९० दिवसांत कळवायला हवं. दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ती ‘हो’ म्हणाली तर सकाळची पहिली गाडी धरून थेट रत्नागिरीला अधीक्षक कार्यालयात जा. आधार कार्ड, अर्जाच्या तीन प्रती, वही, फोनचा चार्जर, पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घ्या. बाकावर उपाशी बसलं की माणूस लवकर मान डोलावतो. दोघींचा एकेक जोड कपड्यांचा घ्या. अत्याचारग्रस्त बायांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवस मुक्कामाची सोय असते. १८१ वर आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे तिथे कुणालाच सांगू नका.

तुमची,
ताई